टाळ्या कुणासाठी?

भारत-पाकिस्तान सामना जवळ आला की मुसलमानाला एक प्रश्न विचारला जातो. कधी थेट, कधी गमतीत, कधी नुसत्या नजरेने. तुम्ही कुणाच्या बाजूने? उत्तर काहीही दिले तरी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. जोरात टाळ्या वाजवल्या तर दाखवण्यासाठी वाजवतो, आणि गप्प बसले तर बघा, गप्प बसला.

पुष्कळांना वाटते की हा प्रश्न फाळणीतून आला. मलाही विद्यार्थिदशेत तसेच वाटायचे. पण इतिहास वाचताना दिसते की पाकिस्तान नावाचा देश नकाशावर येण्याआधी कितीतरी वर्षे मुंबईच्या मैदानांवर हा वाद रंगला होता, आणि त्याच काळात आयर्लंडमध्ये तो आपल्याहून कडवटपणे चालू होता. तिथे तर मुसलमान औषधालाही नव्हते. म्हणजे या प्रश्नाचे मूळ आपल्या धर्मात शोधण्यात अर्थ नाही. ज्या देशात राष्ट्र कशाला म्हणायचे याचे भांडण मिटलेले नसते, तिथे ते मैदानावर येऊन बसते.

आधी आयर्लंडचे सांगतो, कारण तिथे निष्ठेची ही परीक्षा चक्क नियमांच्या पुस्तकात लिहिलेली होती.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातल्या एका हॉटेलात काही मंडळी जमली आणि त्यांनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था काढली. पुढाकार मायकल क्यूसॅक यांचा. हे गृहस्थ पेशाने शिक्षक. (आमच्या जातभाईंना शाळा सोडून बाकीचे उद्योग फार, हे तिथलेही खरे दिसते.) इंग्रजांचे राज्य होते, इंग्रजांचे खेळ जोरात होते आणि आयरिश मातीतले खेळ मरत चालले होते. वाकड्या तोंडाच्या लाकडी काठीने खेळायचे हर्लिंग आणि हाता-पायांनी खेळायचे गेलिक फुटबॉल, हे खेळ या संस्थेने गावोगाव, चर्चच्या हद्दीनुसार संघ उभे करून जगवले. आजही तिथे खेडे म्हटले की त्याचा एक संघ आणि एक मैदान असतेच.

इथपर्यंत सगळे चांगले. पण संस्थेने सभासदांवर एक बंदी घातली. क्रिकेट, रग्बी, हॉकी आणि ज्याला आपण साधे फुटबॉल म्हणतो ते, हे 'परदेशी' खेळ खेळायचे नाहीत आणि पाहायलाही जायचे नाही. कोण जातो यावर लक्ष ठेवायला माणसे नेमली जात. क्यूसॅक स्वतः आधी क्रिकेट आणि रग्बी खेळलेले होते, हे विशेष.

या बंदीचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे डग्लस हाइड. हा माणूस प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा, म्हणजे कॅथलिक बहुसंख्य असलेल्या आयर्लंडमध्ये अल्पसंख्य. पण आयरिश भाषा वाचवण्यासाठी त्याने आयुष्य घालवले. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगचा तो पहिला अध्यक्ष. १९३८ मध्ये तो देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला डब्लिनमध्ये आयर्लंड विरुद्ध पोलंड असा फुटबॉलचा सामना होता. आपल्या देशाचा संघ खेळतोय म्हणून राष्ट्राध्यक्ष तो पाहायला गेला. महिनाभरातच गेलिक संघटनेने त्याला आपल्या आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकले. ज्या माणसाने आयरिश भाषेला पुन्हा उभे केले, तो देशाच्याच संघाला टाळ्या वाजवायला गेला म्हणून पुरेसा आयरिश उरला नाही!

मराठीवर जीव असलेल्या, मराठी शिकवणाऱ्या मुसलमानाला हाइडची गोष्ट वेगळ्या रीतीने कळते, एवढेच म्हणतो.

तरी ही बंदी नुसती वेडेपणातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. २१ नोव्हेंबर १९२० या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलांनी गर्दीवर गोळीबार केला. १४ माणसे गेली. त्यात मायकल होगन हा खेळाडूही होता. ज्या मैदानावर असे रक्त सांडले, तिथे इंग्रजांचा खेळ नको, ही भावना आपल्याला समजू शकते. जालियनवाला बाग त्याच्या दीडच वर्ष आधीची. परदेशी खेळांवरची बंदी शेवटी १९७१ मध्ये उठली. क्रोक पार्कचे दरवाजे फुटबॉल-रग्बीसाठी उघडायचे का, यावर २००५ मध्ये मतदान झाले आणि २००७ मध्ये त्याच मैदानावर इंग्लंडचा रग्बी संघ उतरला, त्यांचे राष्ट्रगीत वाजले. गर्दी शांत उभी राहिली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत क्रिकेट आणले इंग्रजांनी, उचलले पारशांनी. मग हिंदूंनी, मग मुसलमानांनी. खेळ क्लबातून वाढला आणि क्लब जमातीनुसार निघाले: पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना. मरीन ड्राइव्हला हे तिन्ही आजही रांगेत दिसतात. इस्लाम जिमखान्याच्या उभारणीत बद्रुद्दीन तय्यबजी पुढे होते. हेच तय्यबजी १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. तिथे त्यांचे सहकारी होते आमच्या निफाडात जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. तय्यबजींसारख्या माणसाला जमातीचा जिमखाना काढणे आणि काँग्रेसचे अध्यक्ष होणे यात विरोध वाटला नाही. त्या काळी जमात हीच समाजकार्याची पहिली पायरी मानली जायची. आजच्या चष्म्यातून त्यांना जातीयवादी ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

सामने मात्र धर्माच्या नावाने होऊ लागले. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ मध्ये हिंदू आल्यावर तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी. १९३७ मध्ये पाचवा संघ आला आणि त्याचे नाव होते 'द रेस्ट'. उरलेले. ख्रिस्ती, ज्यू आणि ज्यांचे कुठेच नाव नाही ते. माणसांना उरलेले म्हणण्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

या 'उरलेल्यां'मध्ये एक होता सांगलीचा विजय हजारे, मराठी ख्रिस्ती. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्याच्या संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेच्या. दुसऱ्या टोकाला बराच वेळ त्याचा भाऊ विवेक नुसता उभा होता. त्याच्या धावा २१. सामना तरीही हिंदूंनीच जिंकला. पण मला यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हाच हजारे त्याआधी रणजी स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळत होता. संघाचे कर्णधार पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. १९३९-४० च्या हंगामात हजारेने महाराष्ट्रासाठी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या आणि महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून वीस वर्षे होती! म्हणजे मुंबईच्या मैदानावर जो माणूस 'उरलेला' होता, तोच पुण्याच्या मैदानावर 'महाराष्ट्र' होता. फरक पडला होता फक्त संघ पाडण्याच्या पद्धतीत.

आणि जे 'हिंदू' संघात होते ते तरी सगळे आत होते का? पळवणकर बाळू, चर्मकार समाजातले, त्या काळातले देशातले पहिल्या दर्जाचे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. मैदानात चेंडू त्यांच्या हातून घ्यायचा आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात चहा द्यायचा, असा व्यवहार पुण्यात चालला. हिंदूंचे कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. धर्माच्या संघाला आतून दाराला किती कड्या असतात ते बाळूंच्या गोष्टीतून दिसते. आपल्याकडच्या अश्रफ-अजलफ भानगडी माहीत असलेल्या वाचकांना जास्त सांगायला नको.

चौरंगी-पंचरंगी सामन्यांवर टीका करणाऱ्यांत एक नाव आपल्या समाजात फारसे घेतले जात नाही, ते म्हणजे सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. 'बॉम्बे क्रॉनिकल' या राष्ट्रवादी इंग्रजी दैनिकाचे ते संपादक. धर्मावर संघ पाडणे थांबवा, अशी बाजू त्यांच्या पत्राने लावून धरली. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे लोक गांधीजींना भेटायला वर्ध्याला गेले. युद्ध चालू आहे, देशातले नेते तुरुंगात आहेत, अशा वेळी हे सामने नकोत, असे गांधीजींचे मत पडले. कॉलेजांचे, संस्थांचे संघ समजू शकतो, पण हिंदू, मुसलमान, पारशी असे संघ कशासाठी, हे आपल्याला कधीच कळले नाही, अशा अर्थाचेही ते बोलले. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा उतरला. तिकिटांना मागणी प्रचंड होती, आणि जिमखान्यांना पैसा दिसत होता.

सामन्यांचे समर्थक म्हणत, मैदानावर एकत्र खेळल्याने उलट सलोखा वाढतो. ही नुसती सबब होती असे मला वाटत नाही. नोव्हेंबर १९४४ चा अंतिम सामना बघा. हिंदूंचे कर्णधार विजय मर्चंट, मुसलमानांचे मुश्ताक अली. शेवटच्या डावात मुस्लिम संघाचे नऊ गडी बाद झालेले, सलामीला आलेला के. सी. इब्राहिम अजून उभा. त्याने शतक करून शेवटपर्यंत नाबाद राहून एक गडी राखून सामना जिंकून दिला. सामना संपल्यावर मर्चंट मुस्लिम संघाच्या खोलीत जाऊन सगळ्यांचे अभिनंदन करून आले. मुश्ताक अलींनी ही आठवण कौतुकाने लिहून ठेवली आहे. आणि का नसावे? १९३६ मध्ये मँचेस्टरला हेच दोघे भारताकडून सलामीला गेले होते. दोघांनी शतके केली आणि २०३ धावांची भागीदारी रचली. मुंबईत एकमेकांसमोर, मँचेस्टरला एकमेकांसोबत. १९४५ मध्ये कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताकला वगळले, तेव्हा तिथल्या लोकांनी मुश्ताक नाही तर सामना नाही म्हणून निवड समितीला हैराण केले. ते सगळे मुसलमान होते की काय?

पण दुसरी बाजूही मान्य करायला हवी. खेळाडूंनी खोलीत जाऊन मिठ्या मारल्या तरी बाहेर स्कोअरबोर्डवर 'हिंदू' आणि 'मुस्लिम' असे लिहिलेले होते. धावांचा तक्ता धर्माच्या नावाने वाचायची सवय एका शहराला लागली होती, आणि सवय खेळ संपल्यावर घरी येते. १९४६ च्या सुरुवातीला शेवटची पंचरंगी झाली आणि तिची जागा प्रांतवार विभागांच्या सामन्यांनी घेतली. मी ब्रेलवींच्या बाजूचा आहे. १९४४ च्या त्या सामन्याचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, तरीही.

मुस्लिम संघातून खेळलेल्यांपैकी काही पुढे पाकिस्तानात गेले, काही राहिले. अब्दुल हफीज कारदार, गुल मोहम्मद आणि अमीर इलाही हे तिघे दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. मुश्ताक अली इंदूरचे, इंदूरलाच राहिले. आणि इब्राहिम? तो १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध भारताकडून चार कसोटी सामने खेळला. पुढे कराचीला गेला आणि २००७ मध्ये तिथेच वारला. 'मुस्लिम' संघाला जिंकून देणाऱ्याने फाळणी झाल्यावरही भारताची टोपी घातली होती, ही गोष्ट कुणाच्याच सोयीची नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

आता देशी खेळांकडे वळतो, कारण आयर्लंडमधल्या हर्लिंगची खरी जोड आपल्याकडे क्रिकेटशी नाही, हुतुतू, खोखो आणि कुस्तीशी आहे. महाराष्ट्रातही इंग्रजी खेळांपुढे आपले खेळ टिकवायची चळवळ झाली. १९०६ ला निघालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळांना नियमात बसवले. १९१४ ला सुरू झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पण आपल्याकडच्या मंडळींनी क्रिकेट पाहायला जाऊ नका असा नियम केला नाही. डेक्कन जिमखान्यात तर एकीकडे खोखो आणि दुसरीकडे क्रिकेट-टेनिस असे दोन्ही चालायचे. या बाबतीत पुणेकर आयरिश लोकांपेक्षा शहाणे निघाले, असे लिहिताना नाशिककराला जरा जड जाते, पण निघाले.

मुसलमानाने देशी खेळात यायचे म्हटले की एक अडचण सांगितली जाते. तालमीत मारुतीची मूर्ती असते, खेळाआधी जयघोष असतो. ही अडचण खरी आहे, ती नाकारून उपयोग नाही. पण मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे मला तालमीत मूर्तीइतकेच शब्दही दिसतात. 'तालीम' हा शब्द अरबी. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीने तो घेतला आणि जिथे अंग कमावतात त्या जागेला दिला. शिकवणारा 'वस्ताद', म्हणजे उस्ताद. शिकणारा 'पहिलवान', फारसी. त्याचा 'खुराक' फारसी, तो मारतो ते 'जोर' फारसी, खुद्द 'कुस्ती' फारसी, ती होते ते 'मैदान' फारसी आणि जिंकल्यावर मिळते ते 'इनाम' अरबी. 'दंड' आणि 'बैठक' आपल्या इकडचे. जोर-बैठका असा जोडशब्द म्हणताना अर्धा शब्द इराणातला आणि अर्धा इथला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कोपऱ्यात मारुती आणि जिभेवर फारसी, असे हे ठिकाण आहे. ते कुणा एकाचे म्हणून सांगणाऱ्याने आधी वस्तादाला दुसऱ्या नावाने हाक मारून दाखवावी.

मल्लखांबाची गोष्ट तर आमच्या नाशिक जिल्ह्यातली आहे. पेशव्यांच्या दरबारात हैदराबादहून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आव्हान घेऊन आले, कुणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने मुदत मागितली. तो वणीच्या सप्तशृंगगडावर गेला, तिथे माकडांच्या उड्यांवरून त्याला खांबावरची मेहनत सुचली, आणि परत येऊन त्याने कुस्ती मारली, असे सांगतात. दंतकथेचा भाग किती आणि इतिहास किती हे बाजूला ठेवा. प्रतिस्पर्धी तगडा होता म्हणूनच नवा खेळ जन्माला आला, एवढे त्या गोष्टीतही कबूल केलेले आहे. तरी हल्ली ही गोष्ट सांगताना अली आणि गुलाब नुसते खलनायक होतात.

हुतुतूचे नशीब आणखी वेगळे. बंगालात त्याला हाडूडू म्हणत, तमिळ भागात सडुगुडू, उत्तरेत कबड्डी. एक देश, एक नियम करायचे ठरले तेव्हा कबड्डी हे नाव सर्वांनी घेतले आणि महाराष्ट्राने आपला हुतुतू सोडला. राष्ट्रासाठी नाव सोडणारा मराठी खेळ! त्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. आमच्या निफाडकडे जुनी माणसे अजून हुतुतूच म्हणतात. खर्च काही नाही, बॅट नाही, बूट नाही, मोकळी जमीन आणि दम पाहिजे, म्हणून गिरणगावातल्या कामगारांनी आणि खेड्यातल्या शेतमजुरांनी हा खेळ पोसला.

परदेशी माणसाने आपला खेळ आपल्याहून चांगला खेळला तर काय करायचे, हा प्रश्न आयर्लंडला वेगळ्या रीतीने पडला होता. १९९० मध्ये त्यांचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. प्रशिक्षक होता जॅक चार्ल्टन, १९६६ मध्ये इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातला इंग्रज. आयरिश लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या पुढाऱ्याने, बाहेरून आलेले लोक क्रिकेटमध्ये कुणाला टाळ्या वाजवतात त्यावरून त्यांची निष्ठा पाहावी, असे म्हटले. चार्ल्टनला ही परीक्षा कुणी लावली नाही. ती नेहमी ठरावीक लोकांनाच लागते. २००२ मध्ये नील लेनन या कॅथलिक खेळाडूला उत्तर आयर्लंडचा कर्णधार म्हणून मैदानावर उतरायचे होते. सामन्याच्या दिवशी जिवे मारण्याची धमकी आली. तो त्या देशाकडून पुन्हा खेळलाच नाही.

आपल्याकडे चार्ल्टनसारखे एक उदाहरण थेट नाशिकचे आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीच्या उपांत्य फेरीत इराणच्या पुरुषांनी भारताला हरवले. लगेच दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक घेतले. इराणच्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी त्या मुलींसाठी फारसी शिकून घेतली होती आणि सरावात योग-प्राणायाम आणला होता. सामना संपल्यावर डोक्याला हिजाब बांधलेल्या त्या मुलींनी आपल्या मराठी बाईंना घेरले. जैन बाईंनी टाळ्या कुणासाठी वाजवायला हव्या होत्या, असे त्या दिवशी आमच्या भागात कुणी विचारले नाही. पेपरात त्यांचा फोटो आला आणि नाशिककर खूश झाले.